दोन रेघांची पट्टी आणि ‘काही हाये का?’ हा प्रश्न : ओव्ह्युलेशन किट समजून घेताना

लग्नाला वर्ष झाले की मोताळ्यात काय, धामणगाव बढ्यात काय किंवा तालुक्याच्या कुठल्याही खेड्यात काय, सुनेला एक प्रश्न हमखास विचारला जातो : “काही हाये का?” दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न टोमणा होतो. तिसऱ्या वर्षी कोणीतरी मलकापूरच्या डॉक्टरचे नाव सुचवते, कोणीतरी एखाद्या बाबाचे. आणि बहुतेक घरांत या सगळ्या काळात नवऱ्याला मात्र कोणीच काही विचारत नाही.

आता या प्रश्नात एक नवी वस्तू आली आहे. मेडिकल स्टोअरमध्ये आणि मोबाइलवरून घरपोच मिळणारी ओव्ह्युलेशन किट. आपल्या समाजातील अनेक तरुण जोडपी ती वापरू लागली आहेत. पण वापरण्याची पद्धत कोणी समजावून सांगत नाही. मेडिकलवाल्याला विचारायला लाज वाटते, पाकिटातला कागद बारीक अक्षरातल्या इंग्रजीत असतो आणि मोबाइलवरचे व्हिडिओ अर्धवट माहिती देतात. मग पट्टी चुकीच्या दिवशी वापरली जाते, रेघ चुकीची वाचली जाते आणि शेवटी “हिच्यातच काहीतरी खोट आहे” हा निष्कर्ष काढला जातो. यंत्र चुकीचे वापरायचे आणि दोष बाईला द्यायचा, हे थांबावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

या विषयावर आपल्या संकेतस्थळावर कशाला लिहायचे, असे काहींना वाटेल. त्यांना आम्ही एवढेच आठवण करून देतो की र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू न्यायालयात मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. लैंगिक आरोग्याबद्दल शास्त्रीय माहिती देणे हा गुन्हा नाही, ही भूमिका त्यांनी घेतली. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तो ठराव नामंजूर झाला, पण मूल कधी आणि किती हे जोडप्याने विचारपूर्वक ठरवावे, हा विचार आपल्या चळवळीत तेव्हापासून आहे. मूल नको असेल तेव्हा जे शरीरविज्ञान उपयोगी पडते, तेच मूल हवे असेल तेव्हाही उपयोगी पडते.

आधी शरीर समजून घेऊ

पाळीचा पहिला दिवस म्हणजे रक्तस्राव नीट सुरू होतो तो दिवस. आदल्या दिवशी नुसता डाग दिसला असेल तर तो मोजायचा नाही. या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक पाळीचक्र होते. कोणाचे २६ दिवसांचे, कोणाचे २८, कोणाचे ३२. सगळ्यांचे २८ दिवसांचेच असते हा गैरसमज आहे.

प्रत्येक चक्रात बीजकोषात एक स्त्रीबीज तयार होते. ते पक्व झाले की मेंदूच्या खालच्या बाजूला असलेली पीयूष ग्रंथी एलएच नावाचे संप्रेरक एकदम मोठ्या प्रमाणात रक्तात सोडते. या उसळीनंतर साधारण २४ ते ३६ तासांत बीज बीजकोषातून बाहेर पडते. यालाच ओव्ह्युलेशन किंवा बीजोत्सर्ग म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात आपण “अंडं फुटलं” असे ऐकतो ते हेच.

बाहेर पडलेले बीज १२ ते २४ तासच जिवंत राहते. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र बाईच्या शरीरात अनुकूल स्थितीत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून गर्भधारणेची शक्यता महिन्यातून सहाच दिवस असते : बीज बाहेर पडण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस. अमेरिकेतील ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांचा अभ्यास करून १९९५ मध्ये हेच दाखवून दिले. बीज बाहेर पडल्यानंतरच्या दिवसांतील संबंधांतून त्या अभ्यासात एकही गर्भधारणा झाली नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बीजोत्सर्गानंतर पुढची पाळी यायला बहुतेक स्त्रियांना सुमारे १४ दिवस लागतात, दोन-तीन दिवस इकडे-तिकडे. चक्र लांब असेल तर वाढतो तो आधीचा भाग. म्हणून “पाळीनंतर चौदाव्या दिवशी” हा ऐकीव नियम सगळ्यांना लागू होत नाही. ३२ दिवसांचे चक्र असलेल्या बाईचे बीज साधारण अठराव्या दिवशी बाहेर पडेल. तिने चौदावा दिवस धरला आणि सोळाव्या दिवसापासून थांबली, तर तिच्या हातून सर्वांत चांगले दिवस निसटतात.

पट्टी काय ओळखते?

ओव्ह्युलेशन किट लघवीतील एलएचची उसळी ओळखते. पट्टीवर एलएचला चिकटणारी प्रतिद्रव्ये लावलेली असतात. कोविडच्या काळात नाकातल्या नमुन्याची रॅपिड चाचणी आपण सगळ्यांनी पाहिली. ही पट्टी त्याच तत्त्वावर चालते. सी अक्षराजवळची रेघ पट्टी नीट चालली हे सांगते. टी अक्षराजवळची रेघ एलएच किती आहे ते सांगते.

इथेच सर्वांत मोठी चूक होते. आशाताईंकडून मिळणारी ‘निश्चय’ किट ही गर्भधारणेची चाचणी आहे. तिच्यात दुसरी रेघ फिकट आली तरी ती बहुधा ‘होय’ असते. ओव्ह्युलेशनच्या पट्टीत तसे नाही. एलएच शरीरात थोड्या प्रमाणात रोजच असते, म्हणून फिकट रेघ रोज दिसू शकते. टी रेघ सी रेघेइतकी गडद किंवा तिच्याहून गडद झाली, तरच उत्तर ‘होय’. फिकट रेघ म्हणजे ‘अजून नाही’. सी रेघ आलीच नाही तर ती पट्टी वाया गेली, दुसरी वापरावी.

ही पट्टी गर्भ राहिला की नाही हे तपासण्यासाठी वापरू नये. गर्भधारणेत तयार होणारे एचसीजी हे संप्रेरक रचनेने एलएचसारखेच असते, त्यामुळे पट्टी फसते आणि भलतेच उत्तर देते. पाळी चुकली तर निश्चय किटच वापरावी.

कधीपासून आणि कशी वापरायची?

मागच्या तीन-चार महिन्यांच्या पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडरची तारीख लिहितो तसेच. त्यातील सर्वांत लहान चक्राच्या दिवसांतून १७ वजा करा. जो आकडा येईल त्या दिवसापासून रोज एक पट्टी वापरायची. २६ दिवसांचे चक्र असेल तर नववा दिवस, २८ चे असेल तर अकरावा, ३० चे असेल तर तेरावा, ३२ चे असेल तर पंधरावा. उत्तर ‘होय’ आले की त्या महिन्यापुरती चाचणी थांबवायची. उरलेल्या पट्ट्या पुढच्या महिन्यासाठी ठेवायच्या.

चाचणी करताना एवढे पाळा :

१. रोज साधारण एकाच वेळी चाचणी करा. एलएचची उसळी बहुधा पहाटे सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास लागतात. म्हणून अनेक किटवर दुपार ते संध्याकाळची वेळ सुचवलेली असते. कापूस वेचायला किंवा निंदायला जाणाऱ्या बाईला दुपारी शेतात हे शक्य नाही. तिने संध्याकाळी घरी आल्यावर, रोज त्याच सुमारास केली तरी चालते. आपल्या किटवर वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळावी.

२. चाचणीआधी दोन तास भरमसाट पाणी पिऊ नका, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकट येते. पण म्हणून दिवसभर तहानलेले राहू नका. उन्हात काम करणाऱ्या बायका आडोसा नसल्यामुळे आधीच पाणी कमी पितात आणि लघवीच्या जळजळीने हैराण होतात. त्यात भर नको.

३. स्वच्छ, कोरड्या भांड्यात लघवी घ्या. पट्टीवर जिथपर्यंत खूण आहे तिथपर्यंतच ती बुडवा, सांगितलेले सेकंद मोजा आणि आडवी ठेवा.

४. पाकिटावर पाच किंवा दहा मिनिटे, जेवढी दिली असतील तेवढ्याच वेळात वाचा. तासाभराने गडद दिसलेल्या रेघेला अर्थ नाही.

५. पट्टीचे पाकीट चाचणीच्या वेळीच फोडा आणि मुदतीची तारीख बघून घ्या.

सहावी गोष्ट आपल्या भागासाठी खास आहे. या पट्ट्या साधारण ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आले की एप्रिल-मे महिन्यातले ऊन काय असते हे आपल्याला ठाऊक आहे. टिनाच्या घरात, पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेली पट्टी महिनाभर भाजली तर तिच्यावरची प्रतिद्रव्ये खराब होऊ शकतात. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात घालून घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा. उन्हाळ्यात वर्षभराचा साठा करू नका.

‘होय’ येण्याची वाट बघत बसू नका

पट्टीवर गडद रेघ आली म्हणजे पुढच्या दीड दिवसात बीज बाहेर पडण्याची शक्यता आहे. तो दिवस आणि दुसरा दिवस महत्त्वाचे. पण वर सांगितलेले सहा दिवस आठवा. गडद रेघ येते तोपर्यंत त्यातले चारएक दिवस निघून गेलेले असतात. म्हणून रेघ येईपर्यंत थांबणे हा चुकीचा सल्ला आहे. चाचणी सुरू करण्याच्या दोन दिवस आधीपासून एक दिवसाआड संबंध ठेवावेत आणि रेघ आली की लागोपाठ दोन दिवस. शुक्रजंतू ‘साठवून’ ठेवण्यासाठी आठ-दहा दिवस दूर राहण्याने फायदा होत नाही.

आता आपल्या समाजातल्या एका खऱ्या अडचणीकडे येऊ. आपली कितीतरी मुले चाकण, पुणे, सुरत, छत्रपती संभाजीनगर इथे कंपनीत किंवा बांधकामावर आहेत. बायको गावी, नवरा पंधरा दिवसांनी येतो. समजा, तिचे चक्र ३० दिवसांचे आहे आणि पाळी १ जूनला आली. बीज साधारण १६ जूनला बाहेर पडेल. गर्भधारणेचे दिवस ११ ते १६ जून. नवरा पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी घरी येतो, म्हणजे ६-७ आणि २०-२१ तारखेला. दोन्ही वेळा हे दिवस चुकले. पुढच्या महिन्यातही असेच झाले की वर्ष कसे सरले ते कळत नाही. घरचे म्हणतात “वर्ष झालं, मूल नाही”, पण खरे तर त्या जोडप्याने एकही महिना प्रयत्नच केलेला नसतो. त्या बाईला ना औषधाची गरज आहे ना टोमण्याची. नवऱ्याला योग्य तारखांना चार दिवसांची रजा हवी आहे.

अशा जोडप्यांना ही पट्टी खरोखर उपयोगी आहे. पहिला-दुसरा महिना नुसती चाचणी करून आपली रेघ कितव्या दिवशी गडद होते ते लिहून ठेवायचे. मग त्या अंदाजाने रजा टाकायची आणि रेघेच्या तीन-चार दिवस आधी घरी पोहोचायचे.

एकत्र राहणाऱ्या आणि पाळी नियमित असलेल्या जोडप्याला किट घेतलीच पाहिजे असे नाही. एकत्र राहून नियमित संबंध असणाऱ्या दर शंभरपैकी ऐंशीहून अधिक जोडप्यांना वर्षभरात किटशिवायच दिवस जातात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार, चाळिशीच्या आतल्या आणि वर्षापेक्षा कमी काळ प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांमध्ये पट्टीच्या मदतीने दिवस साधल्यास संधी काहीशी वाढते. काहीशी, एवढेच. शिवाय शरीर स्वतःही फुकट खूण देते. बीजोत्सर्गाच्या आधीच्या दिवसांत योनीतला स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, निसरडा आणि ताणला तर तार निघणारा होतो. याला ‘अंगावरून पांढरे जाणे’ समजून घाबरू नये. खाज, दुर्गंधी, जळजळ असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

पट्टी काय सांगत नाही?

पट्टी फक्त एलएचची उसळी सांगते. बीज खरोखर बाहेर पडलेच याची ती हमी देत नाही. गर्भनलिका मोकळ्या आहेत का, गर्भाशय नीट आहे का, नवऱ्याचे शुक्रजंतू पुरेसे आहेत का, यातले काहीही तिला कळत नाही. महिनोन्महिने गडद रेघ येऊनही दिवस राहत नसतील तर अजून एक किट आणणे हा उपाय नव्हे.

काही वेळा पट्टी फसवते. पीसीओएस असलेल्या अनेक मुलींमध्ये एलएच मुळातच जास्त असते, त्यामुळे रोजच गडद रेघ दिसू शकते. डॉक्टरांनी बीज वाढीच्या गोळ्या किंवा बीज फुटण्याचे इंजेक्शन दिले असेल तर पट्टी कधी वापरायची हे त्यांनाच विचारावे. पाळी थांबायच्या वयातही पट्टीवर विश्वास ठेवता येत नाही. आणि गर्भ टाळण्यासाठी ही पट्टी वापरणे तर मोठी चूक आहे, कारण ती उसळी दाखवते तोपर्यंत आधीच्या दिवसांतले शुक्रजंतू आत वाट बघत असतात.

आणखी एक अफवा आम्हाला इथे खोडून काढायची आहे. “रेघ आली त्याच दिवशी संबंध ठेवला तर मुलगा होतो, आधी ठेवला तर मुलगी” असे मोबाइलवर फिरत असते. वर सांगितलेल्या १९९५ च्या अभ्यासात संबंधांचा दिवस आणि बाळाचे लिंग यांचा काहीही संबंध आढळला नाही. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. जिजाऊंचे सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याचा हा आकडा. ज्या किटने मूल हवे असलेल्या बाईला आधार द्यायचा, तीच किट मुलाच्या हव्यासाचे नवे साधन होऊ नये.

नवऱ्याची तपासणी आधी

मूल न होण्यामागे पुरुषातील कारण असण्याचे प्रमाण मोठे आहे. कधी एकट्या पुरुषात, कधी दोघांतही. तरीही आपल्याकडे बाईची सोनोग्राफी, रक्ततपासण्या, ‘पिशवी साफ करणे’ हे सगळे होऊन जाते आणि नवऱ्याची एक साधी वीर्यतपासणी राहून जाते. ही तपासणी स्वस्त आहे, सुई लागत नाही आणि दुखत नाही. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे असतात. पहिला अहवाल कमी आला म्हणून खचायचे नाही. नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात, म्हणून तेवढ्या अंतराने पुन्हा तपासणी करतात.

तरुणांनो, शुक्रजंतूंवर परिणाम करणाऱ्या गोष्टी आपल्या रोजच्या जगण्यातल्या आहेत. तंबाखू, गुटखा, सिगारेट, दारू. भट्टीसमोरचे काम. जिममध्ये शरीर लवकर फुगावे म्हणून घेतलेली स्टिरॉइडची इंजेक्शने तर शुक्रजंतूंची निर्मिती जवळजवळ थांबवू शकतात. आणि फवारणी. डीबीसीपी नावाच्या शेतीतील विषारी रसायनामुळे ते बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना मूल होत नसल्याचे अमेरिकेत १९७७ मध्ये उघड झाले. विशेष म्हणजे ती गोष्ट आधी लक्षात आली कामगारांच्या आपसातल्या गप्पांतून. कपाशीवर उघड्या अंगाने, तोंडाला रुमाल बांधून पंप मारणाऱ्या आपल्या माणसांनी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मास्क मागितला पाहिजे. तो मालकाने द्यावा असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला पाहिजे.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

बाईचे वय ३५ च्या आत असेल आणि एकत्र राहून वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. पुढील गोष्टी असतील तर वर्षभर थांबूच नये : पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांहून उशिरा येणे, महिनोन्महिने न येणे, पाळीत असह्य दुखणे, पूर्वी क्षयरोग झालेला असणे, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली असणे. क्षयरोग फक्त फुप्फुसांना होतो असे नाही. आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्यामागे जननमार्गाचा क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण आहे. पुरुषाला मोठेपणी गालगुंड होऊन वृषण सुजले असेल किंवा वृषणाची शस्त्रक्रिया झाली असेल तर त्यानेही लवकर तपासून घ्यावे.

सुरुवात सरकारी रुग्णालयापासून करावी. मोताळ्याचे ग्रामीण रुग्णालय, मग मलकापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय, आणि पुढे गरज पडली तर अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. जाताना पाळीच्या तारखा आणि पट्टीच्या नोंदी लिहिलेला कागद सोबत न्या. डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि आपले पैसेही. टेस्ट ट्यूब बेबीच्या जाहिरातीला भुलून थेट कर्ज काढू नका. २०२१ च्या कायद्यानुसार अशा केंद्रांना नोंदणी बंधनकारक आहे. ती आधी विचारा. आणि दिवस राहण्याची वाट बघत असतानाच बाईने रोज फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी. बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंग टाळायला ती मदत करते.

बाबा, टोमणे आणि कायदा

आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. तरीही मुलासाठी अंगारा, गंडा, नवस यांच्याकडे वळणारी घरे आपल्यातही आहेत. दुःखात माणूस काठीचा आधार शोधतो, म्हणून त्यांची आम्ही टिंगल करणार नाही. पण धोका सांगणार. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, दैवी शक्तीने मूल होईल असे सांगून मूल न होणाऱ्या स्त्रीशी लैंगिक संबंध ठेवणे हा प्रकार गुन्हा म्हणून वेगळा नोंदवला आहे. असे किती प्रसंग घडले असतील, म्हणून तो कायद्यात लिहावा लागला!

कार्यकर्त्यांना आणखी तीन गोष्टी माहीत हव्यात. एक, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून अपमान करणे, टोमणे मारणे याला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ म्हटले आहे. दोन, १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्यालाही लागू आहे आणि त्यात मूल न होणे हे घटस्फोटाचे कारण नाही. तीन, पहिली पत्नी असताना केलेले दुसरे लग्न बेकायदेशीर ठरते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली शिक्षा होते. “वंश चालवायचा” म्हणून समाजाच्या बैठकीत दुसऱ्या लग्नाला संमती देणारे सगळे जण गुन्ह्याला साथ देत असतात.

जोतिराव आणि सावित्रीमाईंना मूल झाले नाही. जोतिरावांनी दुसरे लग्न केले नाही. १८७४ मध्ये त्यांनी एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्ण आणता आणताच सावित्रीमाईंनी प्राण सोडला. त्यांच्या घराला अपूर्ण म्हणायची कोणाची हिंमत आहे? दत्तक घेण्याचा रस्ता आपल्यालाही कायद्याने मोकळा आहे.

पट्टी कोणाच्या हातात?

एक सावधगिरी शेवटी. ही किट सासूच्या, नणंदेच्या किंवा नवऱ्याच्या हातात गेली की ती पाळत ठेवण्याचे साधन होते. “आज रेघ आली का?” हा प्रश्न रोज ऐकणाऱ्या मुलीला नवऱ्याची जवळीकही ड्युटी वाटू लागते. रेघ आली म्हणून तिची इच्छा नसताना तिच्यावर जबरदस्ती करायचा अधिकार कोणालाही मिळत नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी नवऱ्याची कर्तव्ये सांगितली, त्यात पत्नीचा सन्मान करणे आणि तिचा अवमान न करणे ही पहिली आहेत. दोघांचे ठरले तर दोन-तीन महिने पट्टी वापरावी. ताण वाढू लागला तर ती बाजूला ठेवावी, एक दिवसाआडचा साधा नियम पाळावा.

धम्म आपल्याला कारण शोधायला सांगतो. कारणाशिवाय काही घडत नाही, आणि कारण ऐकून नव्हे तर तपासून ठरवायचे असते. मूल न होण्यालाही कारण असते. ते कधी रजेच्या तारखांत असते, कधी नवऱ्याच्या अहवालात, कधी बंद नलिकेत, आणि कधी वर्षभर शोधूनही सापडत नाही. बाईच्या नशिबात किंवा पायगुणात ते नसते.

कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास हा विषय घ्या. आशाताईंना किंवा एखाद्या डॉक्टर भगिनीला बोलवा. महिला मंडळापुरते ठेवू नका. नवरे, दीर, सासरे यांनाही बसवा. आणि पुढच्या वेळी कोणी एखाद्या सुनेला “काही हाये का?” म्हणून विचारले, तर त्या प्रश्नाला तिथल्या तिथे अडवायला शिका.

जय भीम! नमो बुद्धाय!